फेब्रुवारीत तीनशे का कापतात?

महाराष्ट्रात नोकरी करत असाल, तर फेब्रुवारीची सॅलरी स्लिप काढून बघा. ‘पी. टी.’ या दोन अक्षरांपुढे एरवी दरमहा २०० रुपये असतात, फेब्रुवारीत मात्र ३००. एचआरला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, “प्रोफेशनल टॅक्स आहे, सगळ्यांचाच कापतात.” पीएफ आणि टीडीएसच्या आकड्यांपुढे ही रक्कम इतकी किरकोळ दिसते की चौकशी तिथेच संपते. पी. टी. म्हणजे व्यवसाय कर. या दोनशे रुपयांचा माग काढत गेलं की आपण थेट भारताच्या संविधानात पोहोचतो, तिथून तासगाव तालुक्यातल्या एका गावात आणि तिथून १९७२च्या दुष्काळातल्या खडी फोडणाऱ्या माणसांपर्यंत.

आधी तीनशेचं कोडं सोडवू. अकरा महिन्यांचे दोनशे म्हणजे २,२००. त्यात फेब्रुवारीचे ३०० मिळवले की वर्षाचे बरोबर २,५०० होतात. हा आकडा कुठल्या अर्थसंकल्पात ठरलेला नाही, तो संविधानाच्या कलम २७६ मध्ये छापलेला आहे. उत्पन्नावर कर लावायचा अधिकार केंद्राचा. त्याला एक छोटी फट ठेवून संविधानाने राज्यांना धंदा, पेशा आणि नोकरी यांवर कर लावायची मुभा दिली, आणि राज्यांनी वाटेल तेवढा कर लावू नये म्हणून वरची मर्यादाही रुपयांतच लिहून ठेवली. मुळात ती एका माणसामागे वर्षाला २५० रुपये होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली, आणि तेव्हापासून तिथेच आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात एखाद्या कराची रक्कम अशी थेट रुपयांत लिहिलेली असावी, हे मला अजूनही नवलाचं वाटतं. आपल्या पगारपत्रकातला फेब्रुवारीचा तो जादा शंभराचा आकडा त्या कलमाची कमाल मर्यादा गाठण्यासाठी आलेला असतो.

हा कर सगळीकडे नाही. पुण्याहून दिल्लीला बदली झाली की ही ओळ पगारातून नाहीशी होते. बंगालमध्ये, कर्नाटकात ती असते, तमिळनाडू आणि केरळात हा कर स्थानिक संस्था गोळा करतात. महाराष्ट्राने तो लावला १ एप्रिल १९७५ पासून. बहुतेक राज्यांनी तो तिजोरीत भर म्हणून लावला. आपल्याकडे मात्र त्याच्या जन्माचं एक ठरावीक कारण होतं. गावातल्या ज्या माणसाला काम हवं आहे त्याला सरकारने काम द्यायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी पैसा हवा होता. पैसा काढायचा ठरला तो शहरातल्या पगारदाराकडून, वकिलाकडून, डॉक्टरकडून आणि दुकानदाराकडून.

ही कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. स्वातंत्र्यसैनिक, गांधी-विचारांचे, आणि १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षं महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती. सभापतीचं काम म्हणजे सभागृह शांत ठेवणं आणि नियम सांभाळणं. या माणसाने मात्र त्या खुर्चीत बसून ध्यास घेतला तो एका प्रश्नाचा. ज्याच्याकडे जमीन नाही, भांडवल नाही, शिक्षण नाही, पण दोन धडधाकट हात आहेत आणि राबायची तयारी आहे, तो उपाशी का राहावा? संविधानाच्या कलम ४१ मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. म्हणजे राज्याने ऐपतीप्रमाणे प्रयत्न करावा, एवढंच. पागे यांचं म्हणणं होतं की ती ऐपत उभी करता येते. विसापूरच्या परिसरातल्या काही गावांत साठच्या दशकात त्यांच्या कल्पनेचा प्रयोग झाला. मागेल त्याला काम द्यायचं, आणि ते काम असं काढायचं की त्यातून शेतात पाणी मुरेल आणि पुढच्या वर्षी कामाची मागणीच कमी होईल.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या घरात मिलो ज्वारीची आणि सुकडीची आठवण अजून निघते. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर एका वेळी जवळपास ५० लाख माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी. एवढी माणसं सरकारच्या हजेरीपटावर येऊ शकतात, त्यांना मजुरी पोचवता येते आणि त्यामुळे भूकबळी रोखता येतात, हे राज्यकारभाराने तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. रोजगार हमी योजना १ मे १९७२ ला जाहीर झाली होती, पण ती तिच्या पायावर उभी राहिली दुष्काळी कामं आटोपल्यावर. एरवी दुष्काळ सरला की दुष्काळी कामं बंद होतात. महाराष्ट्राने ती सोय बारमाही करायचं ठरवलं.

मला या गोष्टीतला सर्वांत विलक्षण भाग पुढचा वाटतो. योजना जाहीर केली वसंतराव नाईकांनी. तिच्यासाठीचा कर लागू झाला तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. तिचा कायदा विधिमंडळाने एकमताने केला तो वसंतदादा पाटलांच्या काळात. तो प्रत्यक्ष अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला, तेव्हा शरद पवारांचं पुलोद सरकार होतं. या मुख्यमंत्र्यांचं आपापसात किती पटत होतं हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मध्ये आणीबाणी येऊन गेली, पक्ष फुटले, सरकारं पडली. योजनेला मात्र कोणी हात लावला नाही.

याचं एक कारण भलेपणाचं आणि एक हिशोबाचं. गावातल्या बागायतदाराला बांधबंदिस्ती, रस्ता, पाझर तलाव मिळत होता. मुंबईवाल्यांना वाटत होतं की गावात काम मिळालं तर फुटपाथवर आणि झोपडपट्टीत येणारे लोंढे थोडे थांबतील. समाजवाद्यांना, शेकापला आणि कम्युनिस्टांना त्यात कामाचा हक्क दिसत होता. प्रत्येकाचं कारण वेगळं होतं, तरी हात एकाच बाजूने वर झाले. कायदे टिकतात ते बहुतेक वेळा असेच.

पैशाची बांधणीही तितकीच हुशारीची होती. व्यवसाय कर एकटा नव्हता. विक्रीकरात, मोटार वाहन करात वाढ झाली, बागायती जमिनीवर विशेष आकारणी आली, शहरांतल्या बिगरनिवासी मालमत्तांवर रोजगार हमी उपकर बसला. तुमचं दुकान किंवा गाळा असेल तर महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कराच्या जवळपास ‘रोजगार हमी कर’ अशी ओळ सापडेल. वर्षानुवर्षं ती भरणाऱ्या व्यापाऱ्यांनाही ती कशाची ते ठाऊक नसतं. या सगळ्या करांतून जेवढी रक्कम जमा होईल, तेवढीच भर राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची, असं कायद्यात लिहिलं गेलं. म्हणजे गिरणीतल्या कारकुनाने दिलेल्या एका रुपयाला सरकारचा आणखी एक रुपया जोडला जाणार होता.

आता हा पैसा ज्या जागी उतरत होता ती जागा जरा जवळून पाहू. गावच्या तलाठ्याकडे किंवा ग्रामसेवकाकडे नाव नोंदवायचं. मग ‘नमुना ४’ भरून काम मागायचं आणि पोचपावती घ्यायची. ती पावती हातात पडली की पंधरा दिवसांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्या मुदतीत काम दिलं नाही तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा, दिवसाला निदान एक रुपया. रक्कम नगण्य होती, पण तत्त्व फार मोठं होतं. काम देता आलं नाही तर दंड सरकारला. मजुराचीही एक बाजू होती, किमान तीस दिवस सलग काम करायची तयारी त्याने दाखवायची. निदान पन्नास माणसं जमली की नवं काम उघडायचं. मजुरीच्या कामात कंत्राटदार आणायचा नाही.

कामावर मजुरी मिळायची ती मापावर. मुकादमाच्या हाताखाली टोळी असते. पुरुष टिकाव-खोऱ्याने खणतो, बाई पाटी भरून बांधावर नेऊन टाकते, आणि खणलेल्या चौकडीचं मोजमाप होऊन मजुरी निघते. दरपत्रक तयार करणाऱ्यांनी यात जो विचार केला आहे तो वाचताना थक्क व्हायला होतं. मऊ मातीचा दर वेगळा, मुरमाचा वेगळा, कठीण मुरमाचा वेगळा, खडकाचा आणखी वेगळा. माती किती लांब न्यायची आणि किती उंच चढवायची यावर वाढीव दर, त्याला कामावर ‘लीड’ आणि ‘लिफ्ट’ म्हणतात. साधारण ताकदीच्या माणसाने दिवसभर नीट काम केलं तर त्याला किमान वेतन सुटलं पाहिजे, असा या सगळ्या आकडेमोडीचा रोख. आणि माप माणसाचं नसून मातीचं असल्यामुळे बाई आणि पुरुष यांच्या मजुरीचा दर एकच. गावात बायकांना बांधावरच्या कामाला पुरुषांपेक्षा कमी पैसे देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असताना सरकारी कामावर तरी ती मोडली होती. कामाच्या ठिकाणी पाळणाघर, सावली आणि पिण्याचं पाणी असलं पाहिजे, हेही नियमात होतं. हे नियम पुष्कळ ठिकाणी कागदावर राहिले. तरीही बायका या कामांवर मोठ्या संख्येने आल्या आणि हजेरीपटावर त्यांचं नाव स्वतंत्र लागलं.

जगभरचे अर्थतज्ज्ञ या योजनेकडे ओढले गेले ते आणखी एका गोष्टीमुळे. गरीब कोण हे ओळखायचं कसं, हा कुठल्याही सरकारपुढचा अवघड प्रश्न. याद्या केल्या की सरपंचाच्या भावाचं नाव त्यात आधी येतं. इथे यादीच नव्हती. उन्हात खडी फोडायला जो येईल तो आपोआप पात्र, कारण ज्याच्या घरात दाणा आहे तो सहसा त्या कामाला येत नाही. मार्टिन रॅव्हॅलियनसारख्या अभ्यासकांनी गरिबीवरच्या आपल्या संशोधनात महाराष्ट्राच्या या उदाहरणाचा बारकाईने विचार केला. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला या योजनेवर वर्षाला सुमारे २० कोटी मनुष्यदिवस काम होत होतं. पुढे १९९० पासून याच योजनेला फळबागा जोडल्या गेल्या. कोकणातले आंबा-काजू, कोरडवाहू पट्ट्यातली डाळिंबं, बोरं, सीताफळं यांची कितीतरी झाडं या पैशातून लागली. बाजारात हाती येणारं एखादं डाळिंब कुणाच्या तरी कापलेल्या पगारातून उगवलेलं असू शकतं! आणि २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा देशासमोर महाराष्ट्राचा पाव शतकाहून जुना कायदा होता. दिल्लीने वर्षाला १०० दिवसांची हमी दिली, महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची मर्यादाच नव्हती.

सरकारने दिलेल्या कामाचा विषय निघालाच आहे, तर इथे सरकारी नोकरीबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडे ‘सरकारी नोकरी’ म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो कायम नेमणुकीचा आदेश. पोरगा सरकारात चिकटला, असं सांगताना आईवडिलांचा आवाज बदलतो. स्थळ पाहताना “पर्मनंट आहे ना?” हा प्रश्न पगाराच्या आधी येतो. यात कुणी हसण्यासारखं काही नाही. ज्या घराने दोन पिढ्या पावसाच्या भरवशावर काढल्या, त्या घराला दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेची किंमत बाकीच्यांपेक्षा जास्त कळते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गाला परीक्षा शुल्क १,००० रुपये, राखीव प्रवर्गाला ९००. व्यवसाय कर निदान पगार मिळाल्यावर तरी कापला जातो. इथे कमाई सुरू व्हायच्या आधीच बेरोजगारांकडून सरकारच्या कामासाठी नव्वद कोटींहून अधिक रुपये जमा झाले. हा मला उघड अन्याय वाटतो, आणि त्याला ‘शुल्क’ म्हटल्याने तो कमी होत नाही.

पण त्याच तलाठी कार्यालयाच्या दारात महाराष्ट्राने दुसरी एक सरकारी नोकरी ठेवली होती, हे आपण पार विसरून गेलो. तिला परीक्षा नव्हती, मुलाखत नव्हती, वशिला लागत नव्हता, जागा भरल्या असा फलक लागत नव्हता. तिला प्रतिष्ठाही नव्हती. रोजगार हमीवर जाणं हे गावात कमीपणाचं मानलं गेलं, शहरात तर ‘खड्डे खणायचं काम’ म्हणून हिणवलं गेलं. एकाच सरकारच्या दोन हजेरीपटांपैकी एकाला आपण डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्याला पायाखाली. पहिल्याची मागणी काय आहे तेही बघण्यासारखं आहे. मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर संपावर गेले ते जुन्या पेन्शनसाठी, जी १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना नाकारली गेली होती. खात्रीची मागणी होती ती. खात्री हवीशी वाटणं यात गैर काही नाही, आणि कामाच्या हमीसाठी नमुना ४ भरणारी बाईसुद्धा तेच मागत होती.

आता व्यवसाय कराच्या ओझ्याचं काय? ज्या माणसाला महिना १०,००१ रुपये मिळतात तो वर्षाला जेमतेम १ लाख २० हजार कमावतो. त्याला आयकर लागत नाही. व्यवसाय कर मात्र पूर्ण २,५०० लागतो, म्हणजे कमाईच्या दोन टक्क्यांहून थोडा जास्त. महिना दोन लाख मिळवणाऱ्यालाही तेवढाच २,५०० लागतो, त्याच्या कमाईच्या अवघा ०.१ टक्का. रात्रपाळी करणारा सुरक्षारक्षक, सरकारी दवाखान्यातला कंत्राटी सफाई कामगार आणि बहुराष्ट्रीय कंपनीचा संचालक या कराच्या दृष्टीने एका रांगेत उभे आहेत. १९८८ मध्ये महिना दहा हजार मिळवणारा माणूस साहेब होता. आज तो किमान वेतनाच्या आसपासचा मजूर आहे. हा कर गरिबांच्या रोजगारासाठी जन्मला आणि काळाच्या ओघात त्याचा भार गरिबांवरच सर्वांत जास्त जाणवू लागला.

योजनेलाही तडे त्याच सुमारास गेले. १९८८ मध्येच राज्यात किमान वेतन जवळपास दुप्पट झालं. मजुरांच्या दृष्टीने ते रास्तच होतं, पण खर्च वाढू नये म्हणून कामं उघडायचीच कमी झाली. मागेल त्याला काम ही हमी हळूहळू मिळेल तेव्हा काम अशी झाली. बोगस मस्टर, मेलेल्या माणसांच्या हजेऱ्या, अर्धवट सोडलेले रस्ते यांच्या कहाण्या मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं भरून छापल्या. निधीत पैसा जमा होत राहिला आणि कामावरचा खर्च मागे पडत गेला. पगारदाराची ओळ मात्र कधी चुकली नाही.

या कराला विरोध करणाऱ्यांना मी सांगेन की तो रद्द करा असं म्हणू नका. मुंबई-पुण्याच्या पगारातून जत, आटपाडी, बीड, मेळघाटातल्या माणसाच्या कामाची सोय करण्याचं वचन या राज्याने दिलं, आणि ते देताना शहरातल्या मतदाराने फारशी कुरकुर केली नाही, ही आपल्या सार्वजनिक आयुष्यातली अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे. मागायचं असेल तर त्याचे टप्पे नीट करा असं मागा. वरची मर्यादा हलवायची तर संविधानातला आकडा बदलावा लागेल, ते दिल्लीचं काम. खालची मर्यादा मात्र राज्याच्या हातात आहे. कायद्याला जोडलेल्या अनुसूचीतला एक आकडा बदलला की झालं. तो बदलता येतो हे सरकारने दाखवूनही दिलं आहे. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर पूर्ण माफ झाला, आधी ती मर्यादा १०,००० होती. पुरुषांसाठी ती अजून ७,५०० वरच अडकली आहे, आणि १०,००० च्या पुढे गेलं की पूर्ण २,५००. पंधरा हजारांवर राबणाऱ्या सुरक्षारक्षकाची सुटका करायला घटनादुरुस्ती लागत नाही, विधिमंडळाच्या एका अधिवेशनात ते होऊ शकतं.